वकिलाची शाळा
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



या सभागृहात मी पूर्वी दोनदाच बोललो आहे. एकदा सातवीत, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, पाठ केलेले भाषण अर्ध्यावर विसरून खाली उतरलो होतो. दुसऱ्यांदा अकरावीच्या निरोप समारंभात. त्या वेळी बोलताना घसा दाटून आला, म्हणून भाषण आपोआपच लहान झाले. आज संयोजकांनी अर्धा तास दिला आहे आणि विषय दिला आहे, ‘वकिलाचे शिक्षण आणि वकिलीकडे पाहण्याची दृष्टी’. माझ्या स्वतःच्या वकिलीवर अर्धा तास बोलण्याजोगे काही नाही, हे वडोदऱ्याच्या कोर्टात ज्यांचे येणेजाणे आहे त्यांना ठाऊक आहेच. म्हणून माझ्याबद्दल थोडे बोलेन आणि ज्यांच्या वकिलीचा मी गेली अनेक वर्षे विद्यार्थी आहे, त्यांच्याबद्दल अधिक बोलेन. ते या शहरात एकदा नोकरीला आले होते आणि अकरा दिवसांत त्यांना राहते ठिकाण सोडावे लागले होते.

आरंभी एक प्रश्न सांगतो. तो मला आज सकाळी नावनोंदणीच्या टेबलाजवळच एका पालकांनी विचारला. त्यांची कन्या आठवीत आहे, तिला वकील व्हायचे आहे. ‘मराठी माध्यमातून शिकून पुढे कायद्याला अडचण येईल का हो? खरे सांगा.’ खरे सांगा, हे त्यांनी दोनदा म्हटले. आम्हा वकिलांना हे सांगावे लागते, हा या व्यवसायाचा लौकिक आहे.

अडचण येते. राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदाने सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत ठेवले आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा इंग्रजीत होते. आमच्या जिल्हा न्यायालयात गुजराती चालते, पण दाखले, निवाडे, टीकाग्रंथ सगळे इंग्रजीत. मी इथून बाहेर पडून विद्यापीठात कायद्याच्या वर्गात बसलो, तेव्हा पहिले सहा महिने प्राध्यापक काय बोलतात हे मला शेजारी बसलेल्या मित्राच्या वहीवरून समजत असे. मराठीतून विचार करायचा, गुजरातीतून अशिलाशी बोलायचे आणि इंग्रजीतून लिहायचे, अशी तीन दारांची कसरत मी आजही करतो. तेव्हा अडचण नाही असे मी त्या पालकांना सांगितले नाही.

पण त्याच काळात एक गंमत लक्षात आली. कोर्टातले शब्द मला परके वाटत नव्हते. दावा, कैफियत, अर्ज, हुकूम, तारीख, जप्ती, वकील, अशील, मुखत्यारपत्र हे शब्द अरबी-फारसीतून आपल्या भाषेत आले, पेशवाईच्या आणि गायकवाडीच्या दफ्तरांतून रुळले आणि घरात आजोबांच्या तोंडी होते. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ‘रिटन स्टेटमेंट’ ही व्याख्या पाठ करावी लागे. मला कैफियत म्हणजे काय हे मुळातच माहीत होते, कारण उशिरा आल्यावर या शाळेत मला ती अनेकदा द्यावी लागली होती.

असो. आता माझी एक चूक सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ वाटेल.

सनद घेऊन मला तीन वर्षे झाली होती. जुन्या शहरातील एका वाड्याचा दावा माझ्याकडे आला. वाड्याची वाटणी दोन पिढ्यांपूर्वी झालेली. पुढचा भाग एका शाखेकडे, मागच्या दोन खोल्या दुसऱ्या शाखेकडे. मागच्या खोल्यांत एक विधवा बाई एकट्या राहत. त्यांची येण्याजाण्याची वाट पुढच्या चौकातून होती. पुढच्या शाखेने ती बंद करायचे ठरवले आणि बाई माझ्याकडे आल्या. पुरावा म्हणजे गायकवाडी काळातले वाटणीपत्र, मोडी लिपीतले. त्याचे गुजराती भाषांतर आधीच्या कुठल्याशा प्रकरणात झालेले होते. तेच टंकलिखित भाषांतर मी वापरले. त्यात चौक पुढच्या हिश्श्याकडे दिल्याचे स्पष्ट लिहिले होते, वाटेचा उल्लेख नव्हता. मी वहिवाटीवर सगळा भर दिला, शेजाऱ्यांच्या साक्षी काढल्या. उलटतपासणीत समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी माझ्या साक्षीदारांना एकामागून एक निकामी केले. दावा गेला. आठवड्याभरात चौकातल्या दाराला विटा लागल्या.

अपील दाखल करताना मनात काय आले कोण जाणे, मूळ दस्ताची नक्कल घेऊन मी आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या सरांकडे गेलो. सरांचे नाव घेत नाही, त्यांना ते आवडले नसते. मोडीची रीत आपल्यापैकी ज्येष्ठांना माहीत असेल. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नाही. सरांनी चष्मा पुसला, खिडकीजवळ कागद धरला आणि वाचता वाचता थांबले. चौक पुढील हिश्शाकडे, ‘परंतु जाण्यायेण्याची वाट सामाईक’. भाषांतरकाराने ही अर्धी ओळ गाळली होती. गाळली की त्याला ती लागली नाही, हे देव जाणे.

वरिष्ठ न्यायालयात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. पण मूळ दस्त पहिल्यापासून प्रकरणात होताच. चुकीचे होते ते भाषांतर. न्यायालयाने नवे भाषांतर करवून घेतले, अपील मंजूर झाले, विटा निघाल्या. यात चार वर्षे गेली. त्या चार वर्षांत बाई काही दिवस शेजाऱ्यांच्या घरातून ये-जा करत, मग तेही अवघडले आणि त्या मुलीकडे सुरतेला गेल्या. दार उघडल्याचे सांगायला मी पत्र पाठवले. त्या परत आल्या नाहीत. खोल्या पुढे विकल्या गेल्या.

माझ्या हातात जो कागद होता तो माझ्या मातृभाषेतला होता आणि मला वाचता येत नव्हता. अशिलाने माझ्यावर दोष ठेवला नाही, न्यायाधीशांनी ठेवला नाही, समोरच्या वकिलांनी तर अपिलानंतर माझे अभिनंदन केले. पण ते दार विटांनी बंद होताना मी पाहिले होते. त्यानंतर दर रविवारी मी सरांकडे मोडी शिकायला जाऊ लागलो. त्या रविवारांतच, एका दुपारी, सरांनी माझ्या पुढ्यात महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयाचा निवाडा ठेवला आणि म्हणाले, ‘सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो. तू वकील आहेस, तू हे वाच.’

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आणि आपल्या शहराचे नाते सयाजीबागेजवळच्या संकल्पभूमीमुळे आज सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला ते घटनाकार म्हणून माहीत असतात. ते रोज कोर्टात जाणारे, अशिलाची वाट पाहणारे वकील होते, हे आपण विसरतो. त्यांचे शिक्षण कसे झाले ते जरा पाहा. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नाव दाखल झाले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा असूनही ती मिळाली नाही, फारसी घ्यावी लागली. माझ्यासारख्याला इथे एक विचार सुचल्याशिवाय राहत नाही: ज्यांना संस्कृत नाकारली, त्यांना कोर्टातल्या निम्म्या शब्दांचे मूळ मात्र शाळेतच शिकायला मिळाले. मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि याच केळुसकरांच्या शब्दामुळे सयाजीराव महाराजांच्या साहाय्याचा मार्ग खुला झाला. केळुसकर त्यांच्या शाळेतले शिक्षक नव्हते, हे इथल्या गुरुजनांनी लक्षात घ्यावे. बागेत एकटा बसून वाचणारा मुलगा त्यांनी पाहिला, एवढेच त्यांना पुरे झाले.

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. तिथे त्यांनी कायदा शिकला नाही. अर्थशास्त्र मुख्य, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. १९१६ साली लंडनला येऊन एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावे लागले आणि कराराप्रमाणे बडोद्याला रुजू व्हावे लागले. पुस्तके वेगळ्या जहाजाने निघाली होती, ते जहाज महायुद्धात बुडाले.

बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव सांगून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कोलंबियाची पदवी घेतलेला अधिकारी त्या संध्याकाळी कामाठीबागेत बसला होता आणि मुंबईच्या गाडीची वाट पाहत होता. आपण ज्या बागेत शाळेच्या सहली नेल्या, तीच ही बाग. हे सांगताना वडोदेकर म्हणून मान खाली जाते, ती जावी.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत मिळाली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्‌सी. मिळाली. इंग्लंडातल्या त्या बॅरिस्टरीच्या शिक्षणात परीक्षांबरोबर ठरावीक संख्येने इनमध्ये जेवायला हजर राहावे लागे, हे तरुण मित्रांना सांगितले तर खोटे वाटेल. आपल्या मुलांनीही शाळेतल्या डब्याच्या सुटीचे गुण मागायला हरकत नाही.

थोडक्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जुलै १९२३ मध्ये, जेव्हा त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्याजवळ त्या न्यायालयातील क्वचितच कोणाजवळ असेल एवढे शिक्षण होते आणि सनदेला पैसे नव्हते. ते मित्र नवल भथेना यांनी दिले. काम मिळत नव्हते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला सॉलिसिटरकडून काम यावे लागे आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देत नसत. मग अपिले घ्यायची, मुंबईबाहेरच्या लहान कोर्टांत जायचे, गरिबांचे खटले लढवायचे आणि संसारासाठी संध्याकाळी शिकवायचे. व्यापारी कायद्याचे वर्ग त्यांनी काही वर्षे घेतले. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तिथल्या महाविद्यालयीन नियतकालिकात त्यांनी कायद्याच्या शिक्षणात काय सुधारणा हव्यात यावर लेख लिहिला. नुसता कायदा शिकून वकील होत नाही, त्याला पूरक विषयांची बैठक हवी, असा त्यातला रोख आहे. स्वतःच्या शिक्षणाचा हिशेबच त्यांनी त्यात मांडला होता, असे मला वाटते.

आता सरांनी माझ्यापुढे ठेवलेल्या त्या निवाड्याकडे येतो.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची, धर्मशाळेची, शाळेची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढची मारहाण, तळ्याचे १०८ घागरींनी झालेले ‘शुद्धीकरण’, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहे. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या २५ तारखेला पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे हे खाजगी स्वरूपाचे आणि फक्त स्पृश्यांचे आहे, अस्पृश्यांना तिथे जाण्याचा वा पाणी घेण्याचा हक्क नाही असे जाहीर करावे आणि कायमची मनाई द्यावी. प्रतिवादींत पहिले नाव बाबासाहेबांचे. दोन दिवसांनी, १४ तारखेला, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

पालकहो, वकील म्हणून मी या ठिकाणी नेहमी थांबतो. मंडप उभा आहे, माणसे गावोगावहून चालत आली आहेत, तुरुंगात जायची तयारी करून आली आहेत. तळे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि पुढाऱ्याच्या हातात न्यायालयाचा हुकूम आहे, जो त्याच्या मते चुकीचा आहे. परिषदेत तीव्र चर्चा झाली. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लोकांना राजी केले. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते परत फिरले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, हे आपण जाणतो. तिला कोणत्याही न्यायालयाची मनाई नव्हती. त्या परिषदेत जे जाळायचे ते जाळले गेले आणि जे न्यायालयाने थांबवले ते थांबले. या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच मुक्कामात केल्या, याचा अर्थ लावण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. हुकूम पाळणे हे भित्रेपणाचे मानणारा अशील माझ्याकडे दर महिन्याला येतो. त्याला मी ही गोष्ट सांगतो. दर वेळी पटतेच असे नाही.

पुढे सगळे सावकाश घडले. फेब्रुवारी १९२८ मध्ये तात्पुरती मनाई उठली. दाव्याचा निकाल लागायला ८ जून १९३१ उजाडला. दरम्यान गोलमेज परिषद होऊन गेली होती. जे गृहस्थ लंडनमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांसमोर बोलून आले होते, ते महाडच्या दुय्यम न्यायाधीशासमोर एका तळ्याचे प्रतिवादी होतेच. न्यायालयाने तळे नगरपालिकेचे असल्याचे मान्य केले. अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते ही जुनी रीतही सिद्ध झाल्याचे मानले. पण एका वर्गाने सार्वजनिक तळे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून वापरणाऱ्याला कायदेशीर हक्क मिळत नाही, असे म्हणून दावा फेटाळला. किती साधी गोष्ट! कोणी फार दिवस आले नाही, म्हणजे त्याला येऊ न देण्याचा हक्क तुम्हाला मिळाला असे होत नाही.

वादी ठाण्याला अपिलात गेले. जानेवारी १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले. मग उच्च न्यायालय. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यासमोर सुनावणी झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी अंतिम निकाल लागला. पहिल्यांदा ओंजळीत पाणी घेतले त्याला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस कमी होते.

निवाडा लहान आहे. त्यात उदात्त वाक्ये शोधायला गेलात तर निराश व्हाल. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती अनादि काळापासून चालत आलेली असली पाहिजे आणि ते सिद्ध करण्याचा भार रूढी सांगणाऱ्यावर आहे, हा त्यातला कणा. वादींच्या साक्षीदारांची आठवण जेमतेम माणसाच्या आयुष्याएवढी मागे जात होती. तळे चार-पाच एकरांचे, पावसाच्या पाण्याने भरणारे. तिथे फार प्राचीन काळापासून कसोशीने सोवळे पाळले जात असेल असे न्यायालयाला वाटले नाही. मंदिरांविषयीचे जुने निवाडे वादींनी दाखवले, ते इथे लागू नाहीत असे ठरले. रूढी सिद्ध झाली नाही, अपील फेटाळले.

आणि निवाड्यात पुढे एक गोष्ट आहे, जी सरांनी पेन्सिलीने अधोरेखित केली होती. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी वा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता, असे न्यायमूर्तींनी म्हटले आहे. म्हणजे अस्पृश्यता न्याय्य आहे की नाही, या प्रश्नाला न्यायालयाने हात लावला नाही. त्याची गरज पडली नाही. दहा वर्षांचा लढा जिंकला गेला तो पुराव्याच्या भारावर, तारखांवर, तळ्याच्या आकारावर आणि मालकीच्या कागदांवर.

तरुणपणी हे वाचून मला राग आला होता. एवढा मोठा प्रश्न आणि उत्तर इतके कोरडे? सरांना तसे म्हणालो. ते म्हणाले, ‘तुझ्या बाईंचे दार अर्ध्या ओळीने उघडले. तुला तेव्हा व्याख्यान हवे होते का?’

पण कोरडेपणाची किंमतही आहे, ती मी लपवणार नाही. महाडचा निकाल महाडपुरता होता. दुसऱ्या गावी, दुसऱ्या विहिरीवर, एखाद्याने जास्त जुना दस्त दाखवला असता, जास्त म्हातारा साक्षीदार उभा केला असता, तर? जिथे रूढी सिद्ध होईल तिथे काय? या प्रश्नाचे उत्तर वकिलीत नव्हते. ते दहा-बारा वर्षांनी दुसऱ्या कागदात आले. आपल्या राज्यघटनेचा १३वा अनुच्छेद मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा शून्य ठरवतो आणि ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश करतो. १५व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने व उपाहारगृहे आहेत आणि पाठोपाठ विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत. १७वा अनुच्छेद अस्पृश्यताच नष्ट करतो. मसुदा समितीत आणि संविधान सभेत अनेकांचे हात होते. ही कलमे एकट्याची असे मी म्हणणार नाही. पण मसुदा समितीच्या अध्यक्षांनी एका तलावासाठी तीन कोर्टे पाहिली होती आणि रूढी सिद्ध झाली तर काय, हा प्रश्न न्यायमूर्तींनी उघडा ठेवल्याचे त्यांना माहीत होते. ‘तलाव’ हा शब्द घटनेत वाचताना मला महाडचा चिखल दिसतो.

ते सगळेच खटले जिंकले असे नाही. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःच्या मागे असलेल्या सनातनी माणसांनाही दुखावणे होते. बाबासाहेबांनी ते घेतले. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आज त्या मासिकातले प्रश्नोत्तर वाचले तर त्यात दंड करण्यासारखे काय होते असे वाटेल. हरलेला खटला काळाने जिंकला असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पण दंड कर्व्यांना भरावा लागला, तो काळाने भरला नाही.

आता सकाळच्या त्या पालकांकडे परत येतो, कारण त्यांनी खरे सांगा असे दोनदा म्हटले होते आणि मी त्यांना अर्धेच सांगितले.

मी माझ्या मुलीला या शाळेत घातले नाही. माझे शिक्षक समोर बसले आहेत, म्हणून हे सांगणे जड जाते. घर इथून दोन चौक अंतरावर असताना ती बसने इंग्रजी शाळेत गेली. त्या वेळी मी घरात जी कारणे दिली ती सगळी वकिली कारणे होती: पुढे उच्च न्यायालय, पुढे प्रवेशपरीक्षा, पुढे स्पर्धा. तिचे चांगले झाले. ती वकील झाली, माझ्यापेक्षा चांगले इंग्रजी लिहिते, निवाडे माझ्या तिप्पट वेगाने वाचते. मराठी बोलते, वाचायला लागले तर अडखळत वाचते. गेल्या वर्षी एक वृद्ध गृहस्थ ऑफिसात आले, मी बाहेर होतो. त्यांच्याजवळ आजोबांच्या वेळचे चार कागद होते, दोन मोडीत, दोन बाळबोध मराठीत. तिने ते तपासून ‘भाषांतर करून आणा’ असे सांगून परत पाठवले. नियमाप्रमाणे तिचे बरोबर होते, भाषांतर लागतेच. मी आलो तेव्हा ते गृहस्थ जिना उतरत होते. मी त्यांना परत वर आणले.

तो निर्णय चुकला असे म्हणण्याचे धैर्य मला नाही, कारण तिचे यश माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो बरोबर होता असेही म्हणवत नाही. तेव्हा पालकहो, तुमच्या आठवीतल्या मुलीसाठी मी एवढेच सांगू शकतो: इंग्रजीची मेहनत तिला जास्त करावी लागेल, ती आजपासून करू द्या. वर्तमानपत्रातला एक इंग्रजी बातमीचा तुकडा रोज मराठीत आणि एक मराठीचा इंग्रजीत उतरवू द्या. मी पहिल्या वर्षी हेच केले आणि मला दुसरा उपाय ठाऊक नाही. अर्थशास्त्र, इतिहास टाळू देऊ नका. आणि घरातले जुने कागद, पेटीच्या तळाशी असतील ते, तिला दाखवा. आपल्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ नावाचा राज्यव्यवहाराचा कोश काढला, एकाच शब्दाचे अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी देणारा. त्याची एक प्रत आपल्या ग्रंथालयात असावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे; मिळाली तर खर्च मी देईन.

सर गेल्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या पश्चात त्यांच्या घरच्यांनी मोडीचे धडे आणि त्यांनी हाताने काढलेले अक्षरतक्ते माझ्याकडे दिले. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी दोन ते चार, वरच्या मजल्यावरील इतिहासाच्या वर्गात, मोडी वाचनाचा वर्ग भरेल. वयाची अट नाही, शुल्क नाही. ज्यांच्या घरी जुने दस्त आहेत त्यांनी मूळ कागद आणू नयेत, प्रती आणाव्यात. मूळ हरवला तर पुन्हा कोर्टात यावे लागेल. पहिल्या यादीत नऊ नावे आली आहेत. नववे माझ्या मुलीचे आहे, ते तिनेच लिहिले आहे, मराठीत.